राजा अजून तिण्णैवर आहे

कुंभकोणम्,
जून, भर दुपार

प्रिय रम्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी हसशील, मग म्हणशील, हा साई पत्र काय म्हणून लिहितोय, याच्याकडे फोन नाही की काय. फोन आहे. तुझा जुना नंबर लागत नाही. नवा तुझ्या रुक्मिणीआत्याकडे असावा, पण ती कबूल करत नाही. पुण्यातल्या तुझ्या हॉस्पिटलचं नाव तेवढं एकदा तिच्या तोंडून निसटलं, म्हणून त्या पत्त्यावर टाकतो. मराठीत लिहितो, कारण मठात आत्यानं आपल्या दोघांना एकाच पाटीवर बाळबोध शिकवली आणि माझं पुरतं झालेलं शिक्षण तेवढं एकच. पुढे सोलापूरच्या हॉटेलात वाढपी होतो तेव्हा मी 'जेवलांत की?' म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्याला कोपरखळी मारायचं, ऐक, हा पेशव्यांच्या पंगतीतून आलाय. तेव्हापासून माझी मराठी दोन तऱ्हेची झाली, तोंडातली एक आणि कागदावरची एक. कुठे चुकलं तर सांभाळून घे.

पोंगलच्या सुमारास परत आलो. मधल्या वर्षांचं लिहीत बसलो तर मुद्दा राहून जाईल. सोलापूर, मग हुबळी, मग उत्सवांना रोषणाई लावणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉरीवर. लॉरी साक्कोट्टैच्या देवळाला आली आणि तिथून घर इतकं जवळ की मी उतरलो तो परत चढलोच नाही. आईनं पान वाढलं, किती दिवस आहेस ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सवयीनं मामांकडे गेलो. तुझे अप्पा घरासमोरच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर बसून खेळातल्या लाकडी राजाच्या मुकुटाला बेगड लावत होते. त्यांना आता मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं, एखादी खुर्ची फिरवावी तसं. मला बघून म्हणाले, 'आलास? कुठचा वारा?' आणि पुन्हा बेगड लावायला लागले. शेजारी एक सरकारी कागद पडला होता. नव्या वर्षापासून पारंपरिक कलांच्या मंडळ्यांचं आणि त्यांच्या संध्याकाळच्या वर्गांचं राज्याचं अनुदान बंद, अशा अर्थाच्या चार ओळी. मामांनी त्यावर बेगडाची डबी ठेवली होती, उडू नये म्हणून.

तुला वाटेल, बंद झालं तर बरंच की. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. तू त्यांच्या मानेचा एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून उभी होतीस तेव्हा मी तिथेच होतो. तू म्हणालीस, राजाची ही लोखंडी कडी तुमची मान मोडणार अप्पा, आणि ते बघायला मी येणार नाही. आणि ते म्हणाले, 'मग तूं घे डोक्यावर.' दोघंही एकमेकांच्या मानेवरच बसलेले. मी मधल्यामध्ये कापीचे पेले घेऊन उभा. तू गेलीस, आणि पेले मी परत आत नेले. पण रम्या, त्या कागदानं एकटे मामा थांबत नव्हते. मृदंगवाले, पेटीवाले, पडद्यामागे गाणारे, सगळ्यांचं मानधन त्यातूनच यायचं. वर्गाच्या जागेचं भाडंही. तू गेल्यावर त्या वर्गाला पोरं वाढली आहेत. ताल शिकतात, बाहुल्यांचे कपडे शिवतात. मी गेलो त्या दिवशी एक मुलगी दोऱ्या नसलेल्या माकडाला दटावत होती, नीट उभा राहा म्हणून.

त्रिपुरसुंदरी टीचर तुला आठवत असतील. शाळेची पोरं ओळीनं खेळाला घेऊन यायच्या आणि हसलं तरी छडी दाखवायच्या. आता निवृत्त आहेत. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पदराला पुसला, आणि म्हणाल्या, 'सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा? आपलाच की. मग आपण तोंड बंद करून बसायचं काय म्हणून?' त्याच आठवड्यात समिती झाली. बँकेतून निवृत्त झालेले हनुमंतराव अध्यक्ष झाले, म्हणजे मी अध्यक्ष असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. मला घरोघर पाठवलं, कारण माझ्याकडे सायकल होती आणि काम नव्हतं.

तुझ्या अप्पांचं काम कसं चालतं हे तुला सांगायला नको, पण मी ते इतक्या दारांत सांगितलं आहे की आता हात आपोआप लिहितो. राजा पांगाऱ्याच्या लाकडाचा, वजनाला भरलेल्या घागरीएवढा. त्याच्या दोऱ्या एका लोखंडी कडीला बांधलेल्या, आणि कडीला फडकं गुंडाळून ती चुंबळीसारखी खेळवणाऱ्याच्या डोक्यावर. हात हलवायला दोन सळया. खेळवणाऱ्यानं मान हलवली की राजाची मान हलते, त्याच्या पायातले चाळ वाजले की राजा नाचतो. वरून कुणी दोरी ओढत नाही, माणूसच आतून राजा होतो. एवढं सांगितलं की लोक थांबून ऐकायचे. मग म्हणायचे, असं होय, आम्हाला वाटायचं वर काही मशीन आहे.

सगळेच ऐकत नव्हते. बाजारातला विड्याची पानं विकणारा म्हणाला, आमच्या गल्लीत गटार तुंबलंय आणि तू बाहुल्यांसाठी सही मागतोस. मी म्हटलं, गटारासाठी कागद काढा, पहिली सही माझी. तो म्हणाला, 'तू करशील रे, पण तोवर गावात असशील काय?' आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पितळेच्या दुकानाचे मालक म्हणाले की सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही आणि तुम्हाला नाच हवा. त्या दिवशी टीचर बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, 'औषधासाठी मोर्चा काढा, मी पुढे चालते. पण तुमचं औषध बाहुलीनं खाल्लं हे तुम्हाला कुणी सांगितलं?' मालकांनी सही केली, आणि टीचरना चहासाठी बसवून ठेवलं. चोळपुरम्ला शेतात लावणी नव्हती म्हणून बायका झाडाखाली बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, माझ्या लग्नाच्या वर्षी देवळात राजाचा खेळ बघितला, खेळात तो मेला तेव्हा नवऱ्याआधी मी रडले. तिनं स्वतःची सही केली आणि मग सगळ्यांच्या हाताला धरून करवली. तिरुवलंचुळीला मात्र माझी सबंध दुपार गेली. तिथल्या पांढऱ्या गणपतीला पाण्यानं न्हाऊ घालत नाहीत, कापराची पूड वाहतात, ते बघत आणि विचारत राहिलो. दोन सह्या घेऊन परतलो. टीचर म्हणाल्या, तुला मोर्चाची माणसं जमवायला पाठवलं होतं की क्षेत्राला. तरी एकूण माणसं जमली. मठातले भजनी, व्यापारी, रिक्षावाले, नागस्वर वाजवणारे, शाळेच्या बाया. या गावाला इतकं एका बाजूला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग हनुमंतरावांनी तिरडीची कल्पना काढली. आपल्याकडे कशाचीही तिरडी बांधतात हे तुला ठाऊकच आहे. पाणी आलं नाही तर घागरीची, रस्ता खचला तर रस्त्याची. ढोल लावायचे, रडणाऱ्या बायका बोलवायच्या, आणि ऑफिसच्या दारात नेऊन ठेवायचं. हनुमंतराव म्हणाले, कला मेली असं दाखवायचं तर तिरडीवर बाहुली हवी. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आम्ही पाचसहा जण मामांकडे गेलो. हनुमंतरावांनी फार आर्जवानं मागितलं, एखादी जुनी द्या, विदूषक, शिपाई, कुठलीही. आत्या दारात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. तिनं मामांकडे पाहिलं, आणि सूप तिथंच सोडून आत गेली. मामा उठले, आतून राजाला घेऊन आले, लहान पोराला खांद्यावर टाकून आणावं तसं. हनुमंतराव म्हणाले, अहो, राजा कशाला, हा तर मुख्य. मामा म्हणाले, 'शिपायाच्या मागें कोण रडेल? रडायाचें असेल तर राजा न्या.' आम्हाला वाटलं, केवढं मोठं मन. टीचरनी तर हात जोडले.

मोर्च्याच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. हिरव्या बांबूची तिरडी, झेंडूच्या माळा, आणि त्यावर राजा. पाय बाहेर आले होते, कारण तिरडी माणसाच्या मापाची नव्हती, घाईत बांधलेली. कडी त्याच्या छातीवर ठेवली होती. पऱैचे ढोल लागले. रडणाऱ्या बायका शेजारच्या गावच्या, रोज असल्या कामाला जाणाऱ्या, पण त्यांनी राजाकडे पाहिलं आणि जागच्या जागी नवं जुळवलं. कुणाच्या पायांनी चालशील राजा, कुणाच्या डोक्यावर डुलशील. बघणाऱ्या बाया खऱ्या रडायला लागल्या. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, अग्नीचं मडकं कोण धरणार, याला पोर आहे की नाही? लोक हसले. हनुमंतराव इकडेतिकडे बघत होते, कुणाला तरी नाटकापुरता पुढे करावा म्हणून. तेव्हा मामा गर्दीतून पुढे आले. अंगावर एकच पंचा. त्यांनी मडकं घेतलं आणि तिरडीपुढे चालायला लागले, मान ताठ, कारण ती वळतच नाही. टाळ्या पडल्या, रम्या. फोन वर झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो होता, कलावंताचं जिवंत आंदोलन वगैरे. मी त्यांच्या बाजूनं चालत होतो. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं घोषणा देत आहेत. जवळ गेलो तेव्हा कळलं, खेळाच्या शेवटी राजाला निरोप देतात तो श्लोक म्हणत होते.

निवेदन दिलं, साहेबांनी घेतलं, वर पाठवतो म्हणाले. सगळे फार खूष. संध्याकाळी आम्ही राजाला हार काढून, पुसूनबिसून मामांच्या घरी आणलं. मामा आमच्या आधी पोचले होते आणि रस्त्यावरच्या नळाखाली कपड्यांसकट अंघोळ करत होते. आम्हाला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. ओल्या अंगानं ते उंबऱ्यात येऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. म्हणाले, 'आंत नको.' हनुमंतराव हसत म्हणाले, शामसुंदरराव, तुमचा राजा परत आणलाय. मामा म्हणाले, 'तिरडीवर गेला, लोक रडले, मी मडकें धरलें. आतां तो या घरांत कसा येईल?' शेवटी आम्ही राजाला तिण्णैवर ठेवलं आणि वर नारळाच्या झावळ्यांचा तट्ट्या टाकला. तो अजून तिथेच आहे.

मे महिन्याच्या शेवटी सरकारचा जबाब आला. अनुदान एक वर्ष चालू. अट एवढीच की नवरात्रात खात्याचा माणूस येईल, त्याच्यासमोर मंडळीनं आपला मुख्य खेळ करून दाखवायचा, म्हणजे पुढचं ठरेल. लाडू वाटले. पानवाल्यानं फुकट पानं दिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, अजून आहेस की. मग समिती लाडवांचं ताट घेऊन तिण्णैवर गेली. मामांनी लाडू घेतला, बाजूला ठेवला, आणि म्हणाले की मुख्य खेळ राजाचा, आणि राजा गेला. हनुमंतरावांचा आवाज चढला. अहो, ते दाखवण्यापुरतं होतं. मामा शांतपणे म्हणाले, 'मीही जन्मभर दाखवण्यापुरतेंच केलें की.' हनुमंतराव म्हणाले, नवी बाहुली विकत आणू, सरकारी एम्पोरियममध्ये छान मिळतात. मामांना हसू आलं. मोर्च्यानंतर पहिल्यांदाच हसले, पण ते बघवलं नाही. टीचर तट्ट्या थोडा वर करून राजाकडे बघत राहिल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, साई, त्यांना माहीत होतं, आणि आपण विचारलं नाही.

मग एके दिवशी मी आत्याला मागच्या अंगणात गाठलं. तिनं भांडी घासता घासता सांगितलं. तुमच्या घरात राजा मरण्याची वेळ तिच्या आठवणीत आली नाही, तिनंही आजीकडून ऐकलेलं. गेलेल्या राजाला नदीत सोडतात. पण सोडण्याआधी त्याच्या दोऱ्या कापून कडी वेगळी करायची, आणि ज्यानं दोऱ्या कापल्या त्याच्या डोक्यावर कडी जाते. तोच नव्या राजाचं लाकूड निवडतो. आणि कुणी कापल्या नाहीत, तर कडीसकट सोडायचं. मग त्या घरात तो खेळ पुन्हा होत नाही. मी विचारलं, मामा स्वतः का कापत नाहीत. आत्या म्हणाली, 'ज्यानें मडकें धरलें त्याला विळी धरतां येत नाहीं.' थोड्या वेळानं म्हणाली, 'आणि त्याची मान राहिली आहे काय आतां?' मागच्या पडवीत पांगाऱ्याचा ओंडका आहे, केव्हाचा वाळवत ठेवलेला. मामा कोरू शकतात, शिकवू शकतात. डोक्यावर घेऊ शकत नाहीत. तू एक्स-रेत बघितलं होतंस ते बरोबरच होतं. ते त्यांनाही कळलं आहे असं मला वाटतं, नाहीतर त्यांनी शिपाई दिला असता.

मी त्यांना विचारलं, रम्या. तिण्णैवर त्यांच्या शेजारी बसून विचारलं, मामा, मी कापू? त्यांनी सगळं अंग वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, 'तूं? आज इथें, उद्यां कुठच्या लॉरीवर?' मी म्हटलं, जाणार नाही. ते म्हणाले, 'तें तुझें तूं जाणें. पोर जिवंत असतां दुसऱ्यानें हात लावायाचा नाहीं. रम्या नको म्हणूं दे, मग बघूं.' मी म्हटलं, मग तिला फोन करा. ते म्हणाले, 'मी कशाला करूं? तिनें सांगितलें होतें येणार नाहीं म्हणून. मीं तिला दुसऱ्यांदां विचारायाचें नाहीं.' त्या दिवसापासून ते रोज राजाशेजारीच निजतात. कुत्री येतात, त्यांना हाकलतात. येणारेजाणारे पाया पडून जातात. मृदंगवाले एकदा येऊन गेले, वाट बघतोय म्हणाले, आणि चेन्नईला एका लग्नाच्या पार्टीबरोबर गेले. वर्ग चालू आहे. पोरांना काही कळत नाही, ती नवरात्राच्या तालमीला लागली आहेत, आणि माकड आता नीट उभं राहतं.

इतके दिवस थांबता आलं ते एवढ्याचसाठी की कावेरीत पाणी नव्हतं. नुसती वाळू, पोरं क्रिकेट खेळत होती. आता मेट्टूरचं धरण उघडलं. आज सकाळी बसमधला कंडक्टर सांगत होता की पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याच्या अलीकडे आलं. मामांनी ते ऐकलं आणि आत्याला सांगून नवा पंचा बाहेर काढून ठेवला. कडी अजून राजाच्या छातीवर आहे, दोऱ्या तशाच. म्हणून हे पत्र. मी तुला ये म्हणत नाही. तुझी नोकरी आहे, तुझा राग आहे, तो खरा होता हेही मी बघितलं आहे. तू आलीस आणि विळी हातात घेतलीस, तर मी ओंडका उचलायला आहे, आणि बाकी तू म्हणशील तसं. तू नको म्हणालीस, तर मी कापीन, कडी माझ्या डोक्यावर जाईल आणि मी या गावचा होईन. मान मोडेल तेव्हा मोडेल, पुण्यात एक मानेची डॉक्टरीण माझ्या ओळखीची आहे. यातलं तुला काय हवं ते मला ठाऊक नाही, आणि मला काय हवं ते मी इथे लिहीत नाही. पत्राच्या मागे माझा नंबर आहे. हो म्हण, नको म्हण, दोन्ही चालेल. फक्त गप्प राहू नकोस, रम्या. तू गप्प राहिलीस तर ते कडीसकट सोडतील.

पाणी यायच्या आत तुझ्या आवाजाची वाट बघणारा,
तुझाच
साई